एअरपोर्ट इंटरनॅशनल, मग सिंगापूरची फ्लाइट का नाही?

प्रश्न : मागे जबलपूरला गेलो तर पंख्याचं विमान निघालं, मला तर धडकीच भरली, ती जुनी विमानं असतात का? आणि लेक सिंगापूरला असते, आमचे हे म्हणतात इंदूरचा रनवे छोटा आहे म्हणून तिकडची फ्लाइट सुरू होत नाही. खरं आहे का? – एक काकू, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काकू, आधी पंख्याचं बोलू. ते एटीआर ७२, आणि जुनं वगैरे काही नाही, आत्ताही फॅक्टरीतून नवी कोरी बाहेर पडतात. पंखा दिसतो बाहेर पण तो फिरवणारं इंजिन टर्बाइनचंच असतं. इंडिगोच्या एटीआरमधे ७८ सीटा, एअरबस ए३२० मधे १८० च्या वर, आता इंदूर-जबलपूर हवाईमार्गे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, तेवढ्यासाठी मोठं जेट नेलं तर निम्म्या सीटा रिकाम्या आणि वर चढेपर्यंतच उतरायची वेळ. एटीआर हळू जातं, ताशी पाचशेच्या आसपास, पण डिझेल... म्हणजे ते विमानाचं इंधन हो, खूप कमी पितं. आणि एक मजा सांगू का, त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात म्हणून खालचं सगळं छान दिसतं. पुढच्या वेळी विंडो घ्याच. चढायचं मात्र मागच्या दारानं, पुढे सामान ठेवतात.

आता रनवे. काकांना सांगा, सिंगापूरपुरतं त्यांचं चुकलं. आपला रनवे साधारण पावणेतीन किलोमीटर आहे, सिंगापूर इथून चार हजार किलोमीटरच्या आत, ए३२० निओ सहज जातं, मुंबईहून तशीच विमानं जातातच की. लंडन म्हटलं असतं तर काकांना अर्धे मार्क दिले असते, कारण तिथे मोठं वाइडबॉडी, म्हणजे रुंद पोटाचं विमान लागतं, पोटभर इंधन भरून, आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, मे महिन्यात हवा तापून विरळ झाली की जड विमानाला उचलायला जास्त रनवे लागतो.

खरी अडचण दोन गोष्टींची. पहिली, रोज भरतील एवढे पॅसेंजर आहेत का, आणि शनिवार-रविवार नाही, मंगळवारी सुद्धा. दुसरी कुणी सांगत नाही ती म्हणजे सरकारा-सरकारांमधले करार. परदेशी कंपनी भारतात कुठेही उतरू शकत नाही, करारात ज्या शहरांची नावं असतात तिथेच. शिवाय सीटांचा कोटा असतो, दुबईचाच बघा, प्रत्येक बाजूला आठवड्याला जेमतेम ६६ हजार सीटा, त्या बहुतेक दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच संपतात. शारजाचा कोटा दुबईपेक्षा वेगळा मोजतात, हे लक्षात ठेवा. इंदूरहून पहिली इंटरनॅशनल फ्लाइट १५ जुलै २०१९ ला दुबईचीच, एअर इंडियाची, कोविडमधे बंद पडली, परत सुरू झाली, मग २०२३ मधे तिच्या जागी एअर इंडिया एक्सप्रेसची शारजा आली. लोक म्हणाले दुबई गेली, अहो पण शारजाहून दुबई म्हणजे महूला जाऊन यावं तसंच. तर इंटरनॅशनल म्हणजे कस्टम्स, इमिग्रेशनची सोय आहे एवढाच अर्थ, फ्लाइटा आपोआप येत नाहीत.

सिंगापूरला इंदूरहून उद्या सुरू झाली तरी भारतीय कंपनीच करेल असं माझं मत, विमान तिच्याकडे आहे आणि शहराच्या यादीचा प्रश्न तिला इकडे येत नाही. तोवर दिल्ली किंवा मुंबईमार्गे जा, पण तिकीट एकाच पीएनआरवर काढा बरं का, शंभर-दोनशे वाचवायला दोन वेगळी काढू नका. इंदूरची फ्लाइट लेट झाली तर एका पीएनआरवर पुढची सोय कंपनीला करावी लागते, वेगळ्या तिकिटांवर कुणी विचारत नाही. सामान थेट सिंगापूरपर्यंत टॅग होतंय ना हे इंदूरच्या काउंटरवरच विचारून घ्या. इमिग्रेशन तुमचं दिल्ली-मुंबईतच होईल, तिथली लाइन बघता मधे तीन तास तरी असू द्या.