तिसऱ्या क्लॅरिनेटचे गुण किती?

टेक्ससमधल्या मराठी आईवडिलांकडून हिवाळ्यात हमखास येणारा प्रश्न असा: ‘शाळेच्या बँडपायी अभ्यास मागे पडतोय. अकरावीत तरी सोडायला लावू का?’ ह्यूस्टनच्या एका कुटुंबाशी समुपदेशनाच्या चार बैठकांत झालेलं बोलणं इथे आटोपशीर देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी क्लॅरिनेट वाजवते. आसपासच्या शाळांतून निवडलेल्या मुलांच्या ‘रीजन बँड’मध्ये तिला जागा मिळाली, पण तिसऱ्या क्लॅरिनेटमध्ये, म्हणजे रचनेतली खालची ओळ वाजवणाऱ्यांत.

“तिसरीच ना,” बाबा म्हणाले. “आपल्याकडे गाण्याच्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण तरी मिळतात. इथे किती?”

“शून्य, बाबा.” तिनं मान वर केली नाही.

निवड कशी होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. परीक्षक पडद्याआड असतात. मुलाचं नाव त्यांना कळत नाही, आवाजही कळू नये म्हणून बोलायची मनाई असते. नेमलेले एट्यूड (सरावासाठीच्या छोट्या रचना) महिनोन्‌महिने घोटायचे आणि काही मिनिटांत वाजवायचे. निवडीच्या पायऱ्या अशा: आधी रीजन, मग त्याहून मोठ्या विभागाची एरिया, मग फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला राज्य पातळीचं ऑल-स्टेट; तिथवर राज्यभरातून २,०००हून कमी मुलं पोचतात. गुण कमी पडले की खालची ओळ मिळते, हेही खरं आणि ते मुलांपासून लपवू नये.

तिसऱ्या बैठकीत मी तिला वाद्य आणायला सांगितलं. तिनं आपली ओळ वाजवली. खर्जातले लांब सूर, मध्येच विराम. “याला चालच नाही,” आई म्हणाली. मग मुलीनं मैत्रिणींनी वाजवून पाठवलेल्या पहिल्या-दुसऱ्या ओळी फोनवर लावल्या आणि त्यांत आपली मिसळली. मी तिला मध्येच थांबायची खूण केली. सूर एकदम पोकळ झाला.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाबाच म्हणाले, “गावच्या भजनात मी टाळकरी होतो. बुवांनी चाल सांगायची, आम्ही ध्रुपद धरायचं. टाळकरी ढिले पडले की रंग चढतच नाही.”

मी विचारलं, “तुमचा टाळ कितवा होता?”

“टाळाला कुठं नंबर…” ते थांबले. मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत होती.

तो प्रश्न त्या क्षणी सुचला याचं मला आजही समाधान आहे. आपले कान एकट्या गायकावर घडलेले; बाकीची ती साथ. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरनं माणसाच्या मानसिक स्वास्थ्याचं मूळ समूहाशी असलेल्या आस्थेत पाहिलं, आणि मी त्याच वाटेनं काम करते. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हा अनुभव सोळाव्या वर्षी मिळणं मला गुणांहून मोलाचं वाटतं.

आता अभ्यासाचं. टेक्ससमध्ये १९८४च्या कायद्यापासून ‘नो पास, नो प्ले’ आहे: एखाद्या विषयात ७०च्या खाली गेलात की किमान तीन आठवडे कार्यक्रमांतून बाहेर. काही प्रगत विषयांना सूट असते, ती शाळेत विचारून घ्या. म्हणजे अभ्यासाचा पहारा नियमातच आहे. तुम्ही दुसरा बसवू नका. त्याऐवजी बँडच्या निवडचाचण्या, तालमी आणि मे महिन्यातल्या ए.पी. (कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या) परीक्षा एकाच कॅलेंडरवर लिहा. बहुतेक घरांत त्या एकमेकींवर येतच नाहीत.

सरावात मुलं दोन चुका हटकून करतात. रोज पानाच्या सुरुवातीपासून वाजवतात, म्हणून शेवट कच्चा राहतो. आठवड्यातून दोनदा शेवटाकडून मागे यावं. आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात वाजवतात. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) साधारण निम्म्या वेगावर लावावा, सलग तीनदा बिनचूक झालं की मिनिटाला चार ठोके वाढवावेत. क्लॅरिनेटवाल्यांनी चाचणीच्या सकाळी नवी रीड (फुंकायच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी) उघडू नये. तीन-चार रीड आधीच वाजवून रुळवाव्यात.

निवड झाली नाही, तर घरी येताना गाडीत कारणं विचारू नका. परीक्षकांचे गुण आठवडाभरानं, बँडच्या शिक्षकांसोबत बघा.

आणि कार्यक्रमाला जाण्याआधी मुलाला विचारा, ‘तुझी ओळ नेमकी कुठे ऐकू येईल?’ या मुलीनं बाबांना संथ भागातले आठ बार, म्हणजे तालाची आठ छोटी आवर्तनं, सांगितले होते. ते त्यांनी बोटांवर मोजत ऐकले.