मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय, पण दहावीत गणितात कमी मार्क आहेत. तालुक्याच्या कॉलेजातही बायोच घ्या म्हणतात. अकरावीत गणित सोडून बायो घेतलं तर चालेल का?

नाही चालत, भाऊ. बी.आर्च.च्या, म्हणजे आर्किटेक्टच्या पदवीच्या, प्रवेशाला बारावीत गणित आणि फिजिक्स दोन्ही लागतात. 'पोरीला झेपणार नाही, बायो घ्या' असं तालुक्याच्या कॉलेजात सांगतात म्हणता, पण नुसतं बायो घेतलं की ती वाट तिथंच बंद. मन डळमळीत असेल तर गणित ठेवून जोडीला बायो घ्या, ओझं वाढेल एवढंच. कॉमर्सवाल्या गणिताचा उपयोग नाही, तिथं फिजिक्सच नसतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची, घरी कपाशी. आमच्या ज्युनिअर कॉलेजातले गणिताचे सर दिवाळीनंतर बदलून गेले आणि नवे काही आलेच नाहीत. इंटिग्रेशन मी पाठ करून मारून नेलं. आजवर एकाही घराच्या नकाशाला ते लागलं नाही. व्हेक्टर मात्र ऑप्शनला टाकले, ते बी.आर्च.च्या पहिल्याच वर्षी स्ट्रक्चर्सच्या तासाला भोवलं. तिरप्या बलाचे उभे-आडवे भाग पाडा म्हटलं की मी शेजारणीच्या वहीत डोकवायची.

रोज हाताशी लागते ती भूमिती आणि त्रिकोणमिती. आपल्याकडचंच घ्या. वर्ध्याकडे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जमिनीपासून साधारण ४६ अंशांवर असतो, मार्चच्या विषुवदिनी ६९ वर. दक्षिणेच्या खिडकीवर, चौकटीला लागूनच, दोन फुटांचा छज्जा काढला तर डिसेंबरात त्याची सावली जेमतेम दोन फूट उतरते, मार्चात पाच फुटांहून जास्त उतरते. म्हणजे चार फुटी खिडकीतून थंडीत अर्धं ऊन घरात, आणि ऊन तापायला लागलं की पूर्ण सावली. हा सगळा हिशेब त्रिकोणमितीतल्या एका टॅनचा. पश्चिमेच्या भिंतीला मात्र हाच छज्जा बिनकामाचा. मे महिन्यात चार-पाच वाजताचं ऊन खालून तिरपं आत घुसतं. तरी गावोगावी चारी बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढतात, काहून ते मला अजून कळलं नाही.

पोरगी मराठी माध्यमाची असेल तर खरी अडचण गणिताची नसून भाषेची होईल. अकरावीला सायन्स इंग्रजीत, मग काटकोनाचा राइट अँगल होतो, स्पर्शिकेची टँजंट, आणि येत असलेलं गणितही परकं वाटतं. पहिला महिनाभर वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायला लावा. माझी निम्मी भीती तेवढ्यानं गेली होती.

प्रवेश परीक्षा नाटा किंवा जेईई मेनचा पेपर २ए. दोन्हीत ड्रॉइंग असतं, तेव्हा हात चालता ठेवा. गावात कुठं घराचं लाइनआउट, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी, चालू असेल तर तिला गवंड्याजवळ उभी करा. तीन, चार, पाच फुटांवर दोरी धरून तो काटकोन कसा काढतो ते बघू द्या. तिनं पायथागोरस नुसता मार्कांसाठी घोकला असेल.

अकरावी-बारावी नकोच वाटली तर दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करूनही बी.आर्च.ला जाता येतं, पण गणित तिथंही असायलाच हवं. तेव्हा दहावीची भूमितीची वही रद्दीत घालू नका, जूनमध्ये लागेल.