‘जाळी’ या शब्दाचा माग काढताना

पुण्यातल्या पेठांतील जुन्या वाड्यांवर टिपणे काढण्याचे काम तुम्ही हाती घेतले आहे, म्हणून सुचवतो: मोजमापांआधी ‘जाळी’ हा शब्द नीट समजून घ्या.

संस्कृत ‘जाल’ म्हणजे मासे-पाखरे धरायचे जाळे, आणि त्याच विणीवरून आडव्याउभ्या पट्ट्यांची खिडकीही. कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या स्त्रियांच्या केसांना दिलेला धूप बाहेर पडतो तो अशाच ‘जाला’तून. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत बहुधा ळ होतो. ‘फल’चे फळ आणि ‘काल’चा काळ झाला, तसेच ‘जालक’चे जाळे आणि ‘जालिका’ची जाळी झाली. हिंदीत ल टिकल्याने तिथे ‘जाली’ म्हणतात. मराठी टिपणात मात्र कृपया ‘जाळी’च लिहा.

एका ठिकाणी नवखा माणूस हमखास फसतो. चुलीतला ‘जाळ’ आणि ‘जाळणे’ यांचे मूळ ‘ज्वल्’ धातूत आहे, त्यांचा या जाळीशी काहीही संबंध नाही. ध्वनिसाम्यावर विसंबू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) उघडून अर्थ ताडून पाहा.

शिवाय वाड्यापुरते थांबू नका. करवंदीची जाळी, अनारशाला पडलेली जाळी (हा प्रयोग मला विशेष प्रिय आहे), गॅलरीची लोखंडी जाळी, हे सारे वापर नोंदवा, कारण लाकूड असो वा पीठ, शब्द पकडतो तो भोकांमधून दिसणारा गुंता.