दिसलं नाही म्हणजे मेलं का?

प्रश्न : अमेरिकेत कोलंबिया नदीच्या धरणांवर माशांसाठी शिड्या आहेत आणि वर चढणारे सॅमन खिडकीतून मोजतात, हे टीव्हीवर पाहिलं. पण समुद्राकडे निघालेल्या पिल्लांपैकी किती वाचली, हे कसं कळतं? आमच्या कृष्णेवर असं करता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अवघड टोकच धरलंत! आयडाहोत, कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीच्या वरच्या अंगाला जन्मलेल्या पिल्लाला समुद्र गाठायला आठ धरणं ओलांडावी लागतात. पहिलं लोअर ग्रॅनाइट, शेवटचं १९३८ सालचं बॉनव्हिल. यांतल्या एका धरणावर मी टॅग घालायचं काम केलं आहे. पिल्लाला भूल द्यायची, लांबी मोजायची, पोटाच्या पोकळीत सुईने १२ मिलिमीटरचा ‘पिट टॅग’ सरकवायचा, शुद्धीवर आलं की सोडून द्यायचं. तांदळाच्या दाण्याएवढ्या या टॅगला बॅटरी नसते. अँटेनाजवळ आला की तिच्याच ऊर्जेवर जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. म्हणून समुद्रात वाढून काही वर्षांनी परतलेल्या माशातही तो चालतो.

गोची अशी की अँटेनाचा पल्ला अगदी तोकडा. पिल्लांना टर्बाइनपासून वळवून नेणाऱ्या अरुंद वाटेत ती बसवता येते. सांडव्यावरून किंवा टर्बाइनमधून गेलेलं पिल्लू बहुतेक ठिकाणी नोंदलंच जात नाही. मग करायचं काय? सोयीसाठी काल्पनिक आकडे घेते. वर १००० पिल्लं सोडली, धरणावर ३०० नोंदली. लगेच ७०० मेली म्हणू नका. त्याच्या खालच्या धरणावर २०० नोंदली, आणि त्यांतली ८०च वरच्या धरणावर दिसली होती. बाकीची १२० तिथून जिवंत गेली, पण नजर चुकवून. म्हणजे वरच्या अँटेनाला शंभरातली ४० दिसतात. मग ती ३०० म्हणजे प्रत्यक्षात ७५० पोहोचली असणार. कॉरमॅक, जॉली आणि सेबर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४-६५ साली मांडलेल्या पद्धतीचा हा गाभा.

बॉनव्हिलच्या खाली धरण नाही, म्हणून मुखाजवळ दोन बोटींमध्ये जाळं ओढतात. जाळ्याचं मागचं तोंड उघडं असतं, तिथे अँटेना. शिवाय तिथल्या ईस्ट सँड बेटावर अनेक वर्षं सुरय आणि पाणकावळ्यांच्या मोठ्या वसाहती होत्या. विणीचा हंगाम संपला की तिथल्या वाळूवरून यंत्र फिरवून पक्ष्यांनी गिळलेल्या पिल्लांचे टॅग शोधत. मेलेल्याची इतकी थेट नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

पिल्लू सांडव्यावरून गेलं की टर्बाइनमधून, हे पाहायला दुसरा टॅग असतो. त्यात बॅटरी असते, तो ठरावीक अंतराने ध्वनी सोडतो आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक, तो टिपतात. पण मेलेलं पिल्लू वाहत खाली आलं तरी टॅग बोलतच राहतो! म्हणून काही मेलेली पिल्लं मुद्दाम टॅग घालून सोडतात आणि ती कुठवर ऐकू येतात ते तपासतात. अभ्यासाचा अहवाल हातात आला की मी आधी हा भाग शोधते. तो नसेल तर पुढच्या टक्केवारीवर माझा फारसा भरवसा बसत नाही.

टक्केवारीवरून आठवलं. २००८च्या संघीय आराखड्यात वसंतातल्या पिल्लांसाठी दर धरणामागे ९६ टक्के जगण्याचा निकष होता. ऐकायला झकास. आठ वेळा गुणा, शंभरातली ७२ उरतात. जलाशयातल्या संथ पाण्यात शिकारी माशांनी खाल्लेली यात धरलेली नाहीत. म्हणून मला परतीचा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो : खाली गेलेल्या शंभरातले किती मोठे होऊन परत आले? तिथलं उद्दिष्ट २ ते ६ आहे.

आता कृष्णा. धरणाला माशांची वाटच नसेल, तर अँटेना लावायची कुठे, हा पहिला प्रश्न. गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्यावर (१९७५) बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने हिलसा माशांना बाहेरून दिसणारी खूण लावून त्यांना बंधाऱ्याच्या वर सोडलं आहे. यात मच्छीमाराने मासा धरून कळवलं तरच नोंद होते. कृष्णेत महसीरवर सुरुवात अशीच करता येईल. खर्च कमी येईल, पण आधी तुमच्या भागातल्या मच्छीमारांशी बोलावं लागेल. खूण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवा, आणि ते वेळेवर द्या.