मी कमी पडते, की वर जागाच नाही?

"मॅडम, माझ्यातच काहीतरी कमी असेल ना?"

नोकरीत अडकल्यासारखं वाटतंय म्हणून येणारी माणसं बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. वय कोणतंही असो, हुद्दा कोणताही असो. काम मन लावून केलेलं असतं, कुणाची तक्रार नसते, तरी बढती काही होत नाही. मग माणूस स्वतःला तपासायला लागतो. माझं बोलणं कमी पडतं का? मला पुढे पुढे करता येत नाही म्हणून का? आणखी एखादा कोर्स करू का? स्वतःकडे बघणं वाईट नाही. पण इथे बरेचदा तपासणी चुकीच्या ठिकाणी चाललेली असते.

अशीच एकजण काही महिने माझ्याकडे येत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि तिच्या गोष्टीत आणखी दोघातिघांचं बोलणंही मिसळलं आहे.) तिशी ओलांडलेली, एका मध्यम आकाराच्या खासगी कंपनीत लेखा विभागात. वर्षअखेरीचे हिशेब, लेखापरीक्षकांच्या शंका, अडकलेली बिलं, सगळं तिच्याच टेबलावरून जायचं.

"नोकरी चांगली आहे हो," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत. घरचे म्हणतात, तुला सुख बोचतंय."

"बढतीबद्दल विचारलंत कधी?"

"दर वर्षी विचारते. बघू म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की."

"मग तुम्ही काय करता?"

"आणखी काम करते."

तिला वाटणाऱ्या अपराधीपणाला मी आधी हात घातला, कारण तो असेपर्यंत पुढचं काही दिसतच नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह दोनशेच्या आसपास अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून 1959 मध्ये एक मांडणी केली. पगार, सुरक्षितता, वरिष्ठांशी संबंध या गोष्टी नीट नसल्या की माणूस नाराज होतो. पण त्या नीट असल्या म्हणून तो समाधानी होतोच असं नाही. समाधान कामातून, कौतुकातून, जबाबदारी वाढण्यातून आणि पुढे जाण्यातून येतं. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, तरी माझा तिच्यावर विश्वास आहे, कारण समोरच्या खुर्चीत मी तेच बघत आले आहे. "म्हणजे तुमच्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात," मी तिला म्हटलं. "नोकरी चांगली आहे, आणि तुमची वाढ थांबली आहे."

पुढच्या भेटीला मी तिला वार्षिक मूल्यमापनाचे कागद आणायला सांगितले. चार वर्षांचे तिने एका पारदर्शक फोल्डरमध्ये जपून ठेवले होते. मी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तारखांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यांचा क्रम बदलला.

"यातला सगळ्यात जुना कोणता आणि सगळ्यात नवा कोणता, सांगाल?"

ती हसली आणि वाचायला लागली. एक कागद उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. 'विश्वासू व मेहनती. कामे मुदतीत पूर्ण करतात. असेच चालू ठेवावे.' शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच. 'पुढील वर्षाची उद्दिष्टे' या रकान्यात चारही ठिकाणी दोनच गोष्टी होत्या: हिशेब वेळेत बंद करणे आणि नवीन मुलांना शिकवणे. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"नाही सांगता येत, मॅडम." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे माझ्यात काही कमी आहे, असं यात कुणी लिहिलेलंच नाही."

"नाही लिहिलेलं."

"आणि मी पुढे काय व्हावं, हेही नाही."

हे वाक्य तिचं होतं, मी ते तिच्या तोंडी घातलं नव्हतं, आणि या कामात मला सगळ्यात जास्त समाधान याचंच वाटतं. निष्कर्ष आपण सांगितला की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन पूर्वीसारखाच वागतो. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं मात्र मनातून पुसता येत नाही.

ज्याला वर न्यायचं असतं, त्याच्या कागदावर बहुधा काहीतरी उणं लिहिलेलं असतं. 'बैठकीत विभागाची बाजू मांडायला शिकावे', 'अंदाजपत्रक स्वतंत्रपणे हाताळावे', असं काही. त्या उणेपणात पुढच्या कामाची अपेक्षा असते. म्हणून निव्वळ कौतुकाने भरलेलं मूल्यमापन वर्षानुवर्षं हातात पडत असेल, तर खूश होण्याआधी ते एकदा नीट वाचा.

त्यानंतर मी तिच्याकडून तिच्या विभागाची उतरंड काढून घेतली. प्रत्येक चौकटीत कोण आहे, किती वर्षं आहे आणि तिथे आलं कुठून. तिच्या वरच्या चौकटीत मालकांचे भाचे होते, वयाने तिच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांच्या वरची जागा दोनदा रिकामी झाली होती, आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला होता. तिच्या टेबलावरून वर गेलेलं नाव तिला एकही आठवेना. सोडून गेलेली तीन आठवली.

फेरेन्स, स्टोनर आणि वॉरन या तीन अभ्यासकांनी 1977 मध्ये कारकीर्द थबकण्याचे दोन प्रकार सांगितले होते. काहींची कारकीर्द त्यांची क्षमता किंवा इच्छा संपली म्हणून थांबते. काहींची मात्र वर जागाच नसते म्हणून, क्षमता शाबूत असताना. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात स्वतःवर काम करून उपयोग होतो. दुसऱ्यात कितीही कोर्स केले तरी वरची खुर्ची रिकामी होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकजण दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध घेत असतात.

अर्थात, उतरंडीचा कागद म्हणजे अर्धीच बाजू. म्हणून मी तिला वरिष्ठांकडे पाठवलं, पण 'बढती कधी?' असं विचारायला नाही. त्या प्रश्नाला 'बघू' हे उत्तर तयारच असतं. तिने विचारायचं होतं, "या पदावरून पुढचं पद कोणतं? ते कधीपर्यंत उपलब्ध होऊ शकतं? आणि त्यासाठी मी आज कोणतं काम अंगावर घेऊ?" मनापासून न्यायचं असेल तर वरिष्ठ यातल्या एकाचं तरी नेमकं उत्तर देतात, मग ते 'दोन वर्षं तरी नाही' असं का असेना. तेही प्रामाणिक उत्तर आहे, त्यावर माणूस आपले बेत आखू शकतो.

तिला उत्तर मिळालं, "अगं, तुझ्याशिवाय हा विभाग चालणार कसा?"

"पूर्वी मी हे ऐकून आठवडाभर आनंदात असायचे," ती मला म्हणाली. या वेळी तिने ते उत्तर म्हणून ऐकलं. एखाद्या जागेवर आपण इतके आवश्यक होऊन बसतो, की तिथून आपल्याला हलवणं सगळ्यांनाच गैरसोयीचं होतं. हाताखालच्या कुणाला आपलं काम पूर्ण येत नसेल, तर त्याचा विचार स्वतःही करावा. तिने लगेच दोघांना आपलं काम लिहून, समजावून द्यायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. वर जागा नाही म्हणजे राजीनामा द्याच, असं मी कुणालाही सांगत नाही. जुडिथ बार्डविक या अभ्यासिकेने पद थांबणं आणि शिकणं थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. पद तेच असून काम नवीन मिळत असेल, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सध्या स्थैर्य हवं असेल, तर थांबणं हा शहाणा निर्णय आहे. फक्त तो निर्णय असावा. 'बघू' ऐकत दिवस काढणं म्हणजे निर्णय नाही. थांबायचं ठरवलंत तर किती काळ आणि कशासाठी, हे स्वतःपाशी लिहून ठेवा. आणि ती मुदत संपली की तो कागद खरोखर बाहेर काढा. शिकणंही थांबलं असेल, तर मात्र फार वाट बघू नका. आत्मविश्वास हळूहळू झिजतो, आणि मुलाखतीला जाण्याची वेळ येते तेव्हा तोच लागतो.

तिचं शिकणंही थांबलं होतं. पगार चालू असतानाच तिने शोध सुरू केला. रागाच्या भरात राजीनामा दिला नाही, याचं मला विशेष कौतुक वाटलं. मुलाखतीत विचारायला तिने एक प्रश्न स्वतःहून तयार केला होता: "या जागेवर आधी जे होते, ते आता कुठे आहेत?" पहिल्या ठिकाणी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. पगार जास्त असूनही तिने तिथे नाही कळवलं. दुसऱ्या ठिकाणी समोरच बसलेली बाई म्हणाली, "मीच होते."