फ्लॅटवरचा हक्क सोडण्याआधी कर्जातून नाव काढा

प्रश्न : आम्ही परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचे ठरवले आहे. पाथर्डी फाट्याजवळचा फ्लॅट दोघांच्या नावावर असून त्याचा बाजारभाव सुमारे ४५ लाख रुपये, तर गृहकर्जाची बाकी १८ लाख आहे. कर्जदार म्हणूनही आम्हा दोघांची नावे आहेत. हप्ते पतीच्या पगारातून जातात; सुरुवातीची रक्कम मात्र माझे माहेरचे दागिने सराफ बाजारात मोडून भरली होती. शिवाय निफाडजवळच्या सासरच्या द्राक्षबागेसाठी पतीने पतसंस्थेकडून काढलेल्या कर्जाला मी जामीनदार आहे. पती म्हणतात, "फ्लॅट मी ठेवतो, कर्जही मीच फेडतो, तू हक्कसोड करून दे." सही करावी का? बागेत मला वाटा मिळेल का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आज करू नका. पतीचा हेतू चांगला असेलही, पण "कर्ज मी फेडतो" हे वचन ते तुम्हाला देत आहेत, बँकेला नव्हे. सहकर्जदारांपैकी कोणाकडूनही संपूर्ण बाकी वसूल करण्याचा बँकेचा अधिकार न्यायालयात तुम्ही दोघांनी दाखल केलेल्या अटींमुळे संपत नाही, कारण बँक त्या अटींत पक्षकारच नसते. उद्या हप्ते थकले तर घर त्यांचे आणि नोटीस तुमच्या नावावर अशी स्थिती होईल, शिवाय तुमचा सिबिल गुणांकही घसरेल. म्हणून पतीने केवळ स्वतःच्या नावावर नवे कर्ज घेऊन जुने फेडावे, किंवा बँकेने त्यांचे उत्पन्न तपासून तुमचे नाव कमी केल्याचे लेखी पत्र द्यावे. हे दोन्ही जमत नसेल, तर फ्लॅट विकून बाकी फेडणे आणि उरलेली रक्कम वाटून घेणे हाच मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

आता वाट्याविषयी. घटस्फोट झाला की सगळ्या मालमत्तेचे आपोआप दोन समान भाग पडतात, असा आपल्याकडे कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरते आहे. तुमच्या फ्लॅटला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम ४५ लागू पडते : कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल तर वाटे समान धरले जातात, आणि पुरावा असेल तर त्या प्रमाणात. त्यामुळे पती हप्त्यांचा मुद्दा मांडू शकतात, तसा तुम्ही दागिन्यांचा मांडू शकता. दागिने मोडल्याची सराफाची पावती, ते पैसे खात्यात जमा झाल्याची नोंद आणि बिल्डरला दिलेला धनादेश या तीन गोष्टींची साखळी जुळवून ठेवा. कर्ज वजा जाता फ्लॅटमध्ये २७ लाख उरतात. त्याचे निम्मे, म्हणजे साडेतेरा लाख, ही रक्कम बोलणी सुरू करायला रास्त आहे. एकरकमी पोटगी ठरत असेल तर ती यात मिसळू देऊ नका, अटींमध्ये दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. दागिने हे तुमचे स्त्रीधन होते. जे मोडलेले नाहीत तेही यादी करून ताब्यात घ्या.

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी बक्षीसपत्र करण्याचा सल्ला कोणीतरी नक्की देईल, कारण महाराष्ट्रात राहते घर पतीला किंवा पत्नीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये असते. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली मालमत्ता. त्या दस्तावर सही केल्यावर साडेतेरा लाख मागायचे कशाच्या आधारावर? तेव्हा दस्तात मोबदला स्पष्ट लिहावा आणि शुल्क कोण भरणार हेही आधीच ठरवावे.

पतसंस्थेची जामीनकी मला गृहकर्जाहून जास्त खटकते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि थकबाकी झाल्यास सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, तुमच्याविरुद्धही निघू शकतो. घटस्फोटाने जामीनकी सुटत नाही. पतीने दुसरा जामीनदार द्यावा, संस्थेने तो स्वीकारून तुम्हाला मुक्त केल्याचे पत्र द्यावे, आणि ते पत्र तडजोडीच्या अटींना जोडावे. बागेत मात्र, जमीन सासरच्यांच्या नावावर असल्यास, पत्नी म्हणून तुम्हाला वाटा मागता येत नाही. पतीचे त्यातील उत्पन्न पोटगी ठरवताना विचारात घेतले जाते, एवढेच.

परस्परसंमतीच्या अर्जात पहिल्या (अर्ज दाखल करण्याच्या) आणि दुसऱ्या (दोघांनी संमती पुन्हा नोंदवण्याच्या) टप्प्यात साधारणपणे सहा महिन्यांचे अंतर असते. बँकेची आणि पतसंस्थेची पत्रे त्या काळात मिळवावीत. तुमची रक्कम डिमांड ड्राफ्टने दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी कौटुंबिक न्यायालयातच मिळावी आणि हक्कसोडपत्राची नोंदणी त्यानंतर व्हावी, असा क्रम अटींमध्ये लिहून घ्या. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत तुम्हाला संमती मागे घेता येते.