आदिवासी पोरं कामाला ठेवली तर पगारात सरकारची मदत मिळते का?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे, माणसं तीस. नंदुरबारकडची दोन पावरा पोरं घेतोय, पहिलीच नोकरी. सरकार काही देतं का?

उत्तर: दादा, फक्त आदिवासींसाठीची अशी योजना माझ्या माहितीत न्हाई, पण पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना तुम्हाला लागू पडंल. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मधल्या नव्या भरतीसाठी हाय. पन्नासच्या आत कामगार असले तर किमान दोन माणसं जादा घ्यायला लागतात, म्हणजे तुमचं बसतंय. पीएफ ज्यावर कापतात तो पगार १० ते २० हजारात असला तर माणशी महिना २००० रुपये, दोन वर्षं, आणि उत्पादन कारखान्याला पुढं आणखी दोन वर्षं. पण पोरगं सहा महिने टिकायला पायजे, आणि खरी गोष्ट हितंच हाय. पैशानं माणूस टिकत नाही ओ! पहिल्या महिन्यात भट्टीजवळ एकटं सोडू नका, एखादा जुना मिस्त्री जोडीला द्या, राहायची खोली बघून द्या, आणि होळीला सुट्टी मागितली तर तोंड वाकडं करू नका, सातपुड्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी असते. पोरांनाही पहिल्या नोकरीचे १५ हजारांपर्यंत दोन हप्त्यांत मिळतात, ते त्यांना नीट समजावून सांगा.